काकांच्या जुन्या ट्रिओतली नावं, पत्ते, तारखा बाहेर कशा काढायच्या

घरात एखाद्या ड्रॉवरमध्ये लग्नाच्या अल्बमखाली जाडजूड, डोक्यावर अँटेनाचं बोंडूक असलेला नि पोटावर मसुराच्या दाण्याएवढ्या बटणांचा कीबोर्ड असलेला फोन पडला असेल तर तो टाकून देण्याआधी हे वाचा, आणि चार्जरला लावण्याच्याही आधी वाचा, कारण बरेच जण तिथंच चुकतात.

आमच्याकडे झालं असं, की दिवाळीच्या आवराआवरीत रामबागेतल्या घरी काकूनं ई-कचऱ्याची वेगळी पिशवी भरली, सकाळी निगमची गाडी आली की द्यायची म्हणून, आणि त्या पिशवीत असलाच एक फोन होता, काकांचा ट्रिओ ६५०. काका म्हणाले, "अगं थांब, त्यात माझी सगळी लाईन आहे." काका तीस वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचे प्रतिनिधी होते, आणि लाईन म्हणजे त्यांची ठरलेली फिरती, सोमवारी देवास, मंगळवारी उज्जैन, मग महू-धार, महिन्यातून एकदा बडवाह-सनावद-खंडवा, आणि इंदुरात असले की दवा बाजार. २००५ पासून रिटायर होईपर्यंत त्यांची सगळी डायरी त्या एका फोनात होती. कुठला डॉक्टर किती वाजता भेटतो, कुणाच्या मुलाची बारावी आहे, कुठला स्टॉकिस्ट उधारीत अडकलाय, सगळं. मी कॉम्प्युटरवरच काम करते पण हा फोन कधी उघडून बघितला नव्हता. तीन आठवडे गेले, पण १,१४० नावं नोट्ससकट बाहेर आली. खाली लिहिलंय ते त्यातनं शिकलेलं आहे, आणि नंतर काकांच्या दोघा मित्रांचे फोन हातात आले त्यातनं.

आधी हा फोन आहे काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. त्या काळी कमरेला मोबाईल आणि शर्टाच्या खिशात पाम, म्हणजे पाम कंपनीची इलेक्ट्रॉनिक डायरी, अशी दोन यंत्रं घेऊन लोक फिरायचे. दोन्ही एकात घालायचा प्रयत्न आयबीएमच्या सायमननं १९९४ लाच केला होता, १९९६ ला नोकियाचा ९००० कम्युनिकेटर आला, चष्म्याच्या डबीसारखा उघडणारा, ३९७ ग्रॅमचा, मग २००० ला एरिक्सनचा आर३८० आणि २००२ मध्ये हँडस्प्रिंगचा पहिला ट्रिओ नि सोनी एरिक्सनचा पी८००. हँडस्प्रिंग काढणारे जेफ हॉकिन्स आणि डॉना डुबिन्स्की हे मूळचे पामचेच, २००३ ला हँडस्प्रिंग परत पाममध्ये आली, म्हणून ट्रिओ ६५० वर पामवन असं नाव दिसतं. सांगायचा मुद्दा हा की ट्रिओ म्हणजे फोनची सोय असलेली पाम डायरी आहे, आणि पामची डायरी ज्या पद्धतीनं वाचली जाते त्याच पद्धतीनं ट्रिओ वाचता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आज आपले कॉन्टॅक्ट गूगलच्या खात्यात असतात, फोन हरवला तरी नव्या फोनवर लॉगिन केलं की येतात. तेव्हा असं काही नव्हतं. तेव्हा माहिती फोनात असायची आणि तिची दुसरी प्रत घरच्या नाहीतर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. केबल लावायची, हॉटसिंकचं बटण दाबायचं, दोन्ही प्रती एकसारख्या व्हायच्या. म्हणजे तुम्हाला शोधायच्या दोन जागा आहेत, एक फोन आणि दुसरा तो जुना कॉम्प्युटर, आणि कित्येकदा फोनपेक्षा कॉम्प्युटरच कामाला येतो. म्हणून घरात जुना विंडोज एक्सपीचा पीसी माळ्यावर पडला असेल तर तोही सध्या कुणाला देऊ नका.

माहिती राहते कुठे ते आधी बघा

मॉडेलचा नंबर बघा, बहुतेक मागं किंवा बॅटरीच्या खाली स्टिकरवर असतो. ट्रिओ ६५०, ६८०, पामचाच सेंट्रो हे असतील तर चांगली बातमी आहे, यांची मेमरी फ्लॅश आहे, बॅटरी दहा वर्षं मेलेली असली तरी आतलं जात नाही. पण ट्रिओ ६०० किंवा त्याच्या आधीचा १८०, २७० असेल तर त्यात माहिती रॅममध्ये असते, म्हणजे बॅटरीच्या जोरावरच जिवंत असते, बॅटरी पूर्ण संपली आणि बरेच दिवस तशीच राहिली की सगळं कोरं. विंडोज मोबाईलवाल्या फोनांचं पण तसंच, ओटू एक्सडीए वगैरे, २००५ ला विंडोज मोबाईल ५ आलं तेव्हापासून माहिती फ्लॅशमध्ये राहायला लागली, त्याच्या आधीच्या पॉकेट पीसीवाल्या फोनात नाही. नोकियाचे कम्युनिकेटर आणि सोनी एरिक्सनचे पी८००, पी९००, पी९१० यांच्यात अशी भीती नाही.

काकांच्या एका मित्राकडे ट्रिओ ६०० होता, राजेंद्र नगरला राहतात ते. चार्ज केल्यावर फोन छान सुरू झाला, पण नव्या फोनासारखा वेलकम म्हणाला, स्क्रीनवर कुठं टोचायचं ते दाखवायला लागला, तेव्हाच मला कळलं की आत काही नाही. त्यांचं तोंड बघवेना. पण त्यांचा जुना पीसी मुलाच्या खोलीत होता आणि त्यात सगळं सापडलं, ते पुढं सांगते. मुद्दा असा की ६०० कोरा दिसला म्हणून रडत बसू नका, पीसी शोधा.

बॅटरी

६५० ची बॅटरी मागचं झाकण सरकवून काढता येते, १८०० एमएएचची आहे. ती आधी बाहेर काढा आणि टेबलावर, किंवा काचेवर ठेवून बघा. सपाट बसली तर ठीक. डुगडुगत असेल, मधे पोट आलं असेल, तर ती परत आत घालायची नाही, चार्ज तर मुळीच करायची नाही, आणि सुक्या कचऱ्यात पण टाकायची नाही, आपल्याकडे इंदुरात गाडीला ई-वेस्टचा वेगळा डबा असतो त्यात द्या आणि देताना सांगा की फुगलेली आहे. काकांची फुगलेली होती. नवी ऑनलाइन मिळाली, लोकल कंपनीची, पण काम झालं.

चार्जर आणि केबलसाठी मी जेल रोडला डॉलर मार्केट पूर्ण पालथं घातलं. सगळीकडे एकच उत्तर, "दीदी, ये तो अब नी आता." शेवटी ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या घरी पाम सेंट्रोची केबल निघाली आणि ती चालली, कारण ६५०, ६८०, ७०० ची सीरीज, ७५० आणि सेंट्रो यांना खालचं कनेक्टर एकच आहे. ट्रिओ ६०० चं मात्र वेगळं आहे, दिसायला जवळपास असलं तरी बसत नाही, जबरदस्ती करू नका. सगळ्या प्रकारच्या पिना लावलेले सस्ते यूनिवर्सल चार्जर लावायचे असतील तर त्याच्यावर ५ व्होल्ट लिहिलंय का बघून मगच.

चार्जिंगला लावल्यावर वरचा दिवा लाल होतो, पूर्ण झाला की हिरवा. एकदम मेलेल्या बॅटरीला अर्धा तास तरी द्या, लगेच बटणं दाबत बसू नका. सिमकार्ड नसलं तरी चालतं, डायरीला सिम लागत नाही. जिओचं सिम घालून बघायचा मोह झाला तर सांगते, चालणार नाही, हा टूजीचा फोन आहे आणि जिओकडे टूजी नाहीये.

एक गोष्ट कधीच करायची नाही

फोन अडकला, स्क्रीन गोठली, तर बॅटरीच्या झाकणाखाली रिसेटचं बारीक छिद्र आहे, त्यात टोचलं की सॉफ्ट रिसेट होतो, त्यानं माहिती जात नाही. नुसती बॅटरी काढून परत घातली तरी तेच होतं. पण पॉवरचं बटण दाबून धरून रिसेट केला तर तो हार्ड रिसेट, फोन विचारतो सगळं पुसू का, आणि वरचा बाण दाबला की पुसतो. सगळं. दुसरं कुठलंही बटण दाबलं तर वाचतं. काकांच्या दुसऱ्या मित्रानं आपला ६५० एका दुकानात "जरा चालू करून द्या" म्हणून दिला होता, त्या पोरानं हार्ड रिसेट मारून चकाचक चालू करून दिला. फोन चालू, आत शून्य, आणि पीसी आधीच भंगारात गेलेला. अकरा वर्षांची डायरी दोन सेकंदात गेली. म्हणून दुकानात देणारच असाल तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, रिसेट करायचा नाही.

फोनला पासवर्ड लावलेला असेल नि आठवत नसेल तर अंदाजानं टाकून बघा, घाई नाही. फोनला कुलूप नाहीये पण काही नोंदी प्रायव्हेट म्हणून लपवलेल्या आहेत असंही असतं. सिक्युरिटीत जाऊन त्या दाखवायला सांगितलं की पासवर्ड मागतो, आणि तिथं पासवर्ड विसरलो असं दाबलं तर फोन त्या सगळ्या प्रायव्हेट नोंदी पुसून टाकतो. ते दाबू नका. काकांचा पासवर्ड त्यांना आठवत नव्हता, काकूला आठवत होता, त्यांच्या पहिल्या स्कूटरचा नंबर.

सगळ्यात सोपा रस्ता, ब्लूटूथ

६५० मध्ये ब्लूटूथ आहे आणि एवढं जुनं असलं तरी आजचे बरेच अँड्रॉइड फोन त्याच्याकडून फाइल घेतात. आयफोन अशा फाइली घेत नाही, त्याच्यावर वेळ घालवू नका. ट्रिओत ब्लूटूथ चालू करा, व्हिजिबल करा. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या सेटिंगचं पान उघडून तसंच राहू द्या, ते पान उघडं असेल तोवरच फोन दुसऱ्याला दिसतो. पेअर करताना नंबर मागितला तर दोन्हीकडे ०००० टाका.

आता ट्रिओत कॉन्टॅक्ट उघडा. उजव्या कोपऱ्यात वर कॅटेगरी असते, ऑल असं दिसत असेल. इथं घाई करून सगळं एकदम पाठवू नका. पाममध्ये जास्तीत जास्त पंधरा कॅटेगरी नि एक अनफाइल्ड असते, काकांनी त्या गावाप्रमाणं केल्या होत्या, देवास, उज्जैन, धार, दवा बाजार, घरचे. पाठवताना नाव-नंबर जातात, पण नव्या फोनला कॅटेगरी कळत नाही, सगळ्या गावांचा एक काला होतो. म्हणून एक कॅटेगरी निवडा, मेनू दाबा, त्यात सेंड कॅटेगरी, मग ब्लूटूथ, मग तुमचा फोन. पलीकडे एक व्हीसीएफ, म्हणजे कॉन्टॅक्टची फाइल येते, त्या फाइलला लगेच गावाचं नाव द्या. मग पुढची कॅटेगरी. गूगल कॉन्टॅक्टमध्ये इंपोर्ट करताना प्रत्येक फाइलला लेबल लावता येतं, तिथं देवास, उज्जैन असं लेबल लावलं की काकांची लाईन जशीच्या तशी परत बसते. इंपोर्ट कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमधून करा, फोनवर करण्यापेक्षा ते नीट होतं.

अँड्रॉइडनं घेतलं नाही तर विंडोजच्या लॅपटॉपवर ब्लूटूथच्या आयकॉनवर राइट क्लिक करून फाइल रिसीव्ह करा म्हणायचं, ती खिडकी उघडी ठेवायची आणि मग ट्रिओवरून पाठवायचं. क्रम उलटा झाला की जात नाही, मी अर्धा दिवस याच्यात घालवला.

सोनी एरिक्सनच्या पी सीरीजला पण कॉन्टॅक्ट असेच ब्लूटूथनं पाठवता येतात. ट्रिओ ६०० ला ब्लूटूथ नाही, इन्फ्रारेड आहे, समोर तसाच इन्फ्रारेडवाला जुना लॅपटॉप किंवा दुसरा पाम असेल तर बीम करता येतं, दोघांची तोंडं समोरासमोर, वीतभर अंतरावर धरून. चालू अवस्थेतला ६०० मिळाला तर आजच हे करा, उद्यावर ढकलू नका, वर सांगितलंय का ते.

नोट्सकडे नीट बघा

सगळ्यात मोलाचा माल इथंच आहे. पाममध्ये प्रत्येक नावाला एक नोट जोडता येते, आणि ज्यांनी ही डायरी खरोखर वापरली त्यांनी खरं ज्ञान तिथं साठवलंय. पाममध्ये देवनागरी नव्हती, त्यामुळं काकांनी रोमन अक्षरात मराठी लिहिलंय, कधी मधेच हिंदी. देवासच्या एका डॉक्टरांच्या नावापुढं जोडलेली नोट अशी आहे: मंगळवारी ओपीडी नाही, दोन नंतर जेवायला घरी जातात तेव्हा जाऊ नये, आधी कंपाउंडरला भेटणे, मुलगी दहावीला, गणित कच्चं, आपल्या शेजारच्या सरांचा नंबर द्यायचा आहे. आणि त्याच्याखाली, दिला. ही नोट वाचून दाखवली तेव्हा काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले ती मुलगी आता स्वतः डॉक्टर आहे.

तर व्हीसीएफमध्ये नोट जाते आणि गूगलमध्ये पण उतरते. पण कस्टम नावाचे जे मोकळे रकाने आहेत, त्यांत लिहिलेलं पुढं दुसऱ्या फोनला कळत नाही, दिसतच नाही. काकांनी त्या रकान्यांत त्या-त्या माणसाचा वाढदिवस नि बायकोचं नाव लिहिलं होतं. म्हणून पाठवायच्या आधी चार-पाच नावं उघडून बघा कस्टम वापरलंय का. वापरलं असेल तर नुसत्या ब्लूटूथवर भागत नाही, केबल लावून पाम डेस्कटॉपमध्ये, म्हणजे पामच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये आणा आणि तिथून सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये घेता येणारी यादी काढा, त्यात सगळे रकाने येतात, मग एक्सेलमध्ये बसून तो रकाना नोट्सच्या रकान्याला जोडायचा.

जुना पीसी आणि केबल

आता ट्रिओ ६०० वाल्या, राजेंद्र नगरच्या त्या मित्राचं. पीसी चालू होत असेल तर पाम डेस्कटॉप उघडण्याच्याही आधी प्रोग्राम फाइल्समध्ये पाम किंवा पामवन नावाचं फोल्डर शोधा. त्यात आणखी एक फोल्डर असतं, त्याचं नाव म्हणजे मालकाचं आडनाव आणि पुढं नावाचं पहिलं अक्षर. त्याच्या आत अ‍ॅड्रेस, डेटबुक, मेमोपॅड, टूडू आणि बॅकअप अशी फोल्डरं. हे अख्खं फोल्डर आहे तसं पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या, दोन ठिकाणी. पीसी चालूच होत नसेल तर हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घालून तेच करा, आयडीईची जुनी डिस्क असेल तर त्याची डबी वेगळी येते, दुकानदाराला डिस्क दाखवूनच घ्या.

कॉपी झाल्याशिवाय फोन त्या पीसीला जोडायचा नाही. कारण सांगते. फोन कोरा आहे, पीसीत माहिती आहे, आणि हॉटसिंकच्या सेटिंगमध्ये कधी काळी कुणी हँडहेल्ड ओव्हरराइट्स डेस्कटॉप करून ठेवलं असेल, तर कोरा फोन पीसीतली माहिती पण कोरी करेल. हॉटसिंक मॅनेजरमध्ये कस्टम म्हणून आहे, तिथं अ‍ॅड्रेस, कॅलेंडर, मेमो, टास्क प्रत्येकाचं सेटिंग वेगळं असतं, सगळीकडे डू नथिंग करून ठेवा, मग सावकाश ठरवा. त्यांचं काम फोन न जोडताच झालं. पाम डेस्कटॉप उघडलं, नावांच्या यादीत गेले, फाइल, एक्सपोर्ट, व्हीकार्ड (म्हणजे तीच व्हीसीएफ), ऑल. पाच मिनिटं. ते मागं खुर्चीत बसून होते, स्क्रीनवर नावं दिसायला लागली तसं एकेक वाचायला लागले मोठ्यानं.

नव्या लॅपटॉपला केबल लावून हॉटसिंक करायचा असेल तर अडचण आहे, पामचा यूएसबी ड्रायव्हर ३२ बिटचा, आजचं विंडोज ६४ बिटचं, जोडलं तरी ओळखत नाही. जुना एक्सपीवाला पीसी हाच सरळ रस्ता. नाहीतर लिनक्स. मला तरी लिनक्सच जास्त भरवशाचं वाटलं, उबंटूवर पायलट-लिंक आणि जे-पायलट म्हणून दोन जुनी फुकट सॉफ्टवेअर आहेत. केबल लावायची, टर्मिनलमध्ये पायलट-एक्सफर ही कमांड बॅकअपच्या पर्यायासकट, म्हणजे डॅश बी आणि फोल्डरचं नाव, द्यायची, आणि मग फोनवर हॉटसिंक दाबायचं. फोन यूएसबीवर तेव्हाच दिसतो जेव्हा हॉटसिंक दाबलेलं असतं, एरवी नाही, हे मला कळायला दोन दिवस लागले, मी केबलच खराब समजत होते. बॅकअप झाला की फोनातली प्रत्येक वस्तू पीडीबी फाइल म्हणून येते. जुन्या पामात नावांची फाइल अ‍ॅड्रेस-डीबी नावाची असायची, ६५० मध्ये कॉन्टॅक्ट्स-डीबी नावाची असते, म्हणून जे-पायलटच्या प्रेफरन्समध्ये अ‍ॅड्रेसच्या ऐवजी कॉन्टॅक्ट्स निवडावं लागतं, नाहीतर यादी रिकामी दिसते आणि काळजाचा ठोका चुकतो.

फोटो असतील तर सोपं आहे, एसडी कार्ड काढून कार्ड रीडरला लावा. कार्डावर नसले तर फोनातून आधी कार्डावर कॉपी करा.

नंबर साफ करणे

आता नावं आली, पण अर्धे नंबर लागत नाहीत असं वाटेल. थांबा, टाकू नका. २०११ च्या जानेवारीत देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली, तेव्हापासून लोक कंपनी बदलतात पण नंबर तोच ठेवतात, त्यामुळं त्या काळचे मोबाईल नंबर अजून चालू असण्याची शक्यता चांगली आहे. फक्त त्या वेळी बाहेरच्या सर्कलच्या मोबाईलला पुढं शून्य लावावं लागायचं म्हणून लोकांनी शून्यासकट सेव्ह केलेत. व्हॉट्सअ‍ॅपला तो शून्य चालत नाही. सीएसव्ही एक्सेलमध्ये नुसती उघडू नका, डेटा मेनूतून इंपोर्ट करा आणि तेव्हाच नंबरचा रकाना टेक्स्ट करा नाहीतर एक्सेल स्वतःच शून्य खातं आणि लँडलाइनचे पण खातं, मग अकरा आकडी आणि शून्य-नऊ नं सुरू होणारे वेगळे काढून शून्याच्या जागी प्लस ९१ लावा. ०७३१ वाले इंदूरचे लँडलाइन, त्यातले सहा आकडी असतील तर फार जुने आहेत, पुढं २ लावून बघा. काकांच्या यादीत असे चाळीसेक होते, २ लावून तीन लागले, त्यातल्या एका घरी पलीकडून "बोला, कोण?" आलं आणि काकांनी फोन माझ्या हातातून घेतला तो पाऊण तास परत दिला नाही.

एक विनंती, नंबर आले म्हणून सगळ्यांना एकदम ग्रुपमध्ये घालू नका, मेसेज फॉरवर्ड करू नका. यात लोकांच्या घरच्या गोष्टी आहेत, ज्याची डायरी आहे त्याला विचारा कुणाला कळवायचं ते. आणि या यादीत आता नसलेली माणसं निघतात. काकांनी अशी नावं डिलीट करू दिली नाहीत, त्यांचं एक वेगळं लेबल केलं.

कॅलेंडर

हे जरा किचकट आहे. फोनातून ब्लूटूथनं मी एकेकच नोंद पाठवू शकले, शेकडो असतील तर कंटाळा येतो. पाम डेस्कटॉपमधून व्हीसीएस प्रकारची फाइल निघते, गूगल कॅलेंडर आयसीएस प्रकारची मागतं, म्हणून इथं परत जे-पायलट बरं, ते सरळ आयकॅलेंडर, म्हणजे आयसीएसच, काढून देतं. गूगलमध्ये टाकताना तुमच्या रोजच्या कॅलेंडरमध्ये टाकू नका, "काकांची डायरी" असं वेगळं कॅलेंडर बनवा आणि त्यात इंपोर्ट करा, बिघडलं तर ते एकच उडवता येतं. दर वर्षी येणाऱ्या नोंदी, वाढदिवस, श्राद्धाच्या तारखा, नीट तपासा. तिथीनं करायच्या गोष्टी काकांनी त्या-त्या वर्षी इंग्रजी तारखेला टाकल्या होत्या, त्या रिपीट नव्हत्या, त्या तशाच जुन्या वर्षात राहतात आणि ते बरोबर आहे.

पामच्या कॅलेंडरमध्ये ३१ डिसेंबर २०३१ च्या पुढं जाता येत नाही. वर्ष मोजायला त्यांनी सात बिट ठेवले, मोजणी १९०४ पासून, आणि सात बिटांत १२७ च्या वर जात नाही. १९०४ मध्ये १२७ मिळवा, २०३१.

सगळं काढून झाल्यावर बॅटरी अर्धी चार्ज करून बाहेर काढायची आणि फोन, बॅटरी, केबल, चार्जर एकाच डब्यात ठेवायचं, डब्यावर पासवर्ड लिहून. मी तेच करणार होते. पण बॅटरी बाहेर ठेवली की घड्याळ थांबतं नि अलार्म वाजत नाही, आणि काकूच्या वाढदिवसाचा अलार्म त्यात दर वर्षी सकाळी सातचा लावलेला आहे, म्हणून काकांनी फोन चार्जरसकट पलंगाशेजारी ठेवलाय.